कागद तरंगतो की बुडतो?

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे विद्यालयाच्या वाटचालीवर लेख मागितला होता. इतिहासाच्या शिक्षिकेकडे तो मागणे स्वाभाविकच आहे. परंतु ती वाटचाल ज्यांनी प्रत्यक्ष केली, ते ज्येष्ठ शिक्षक आणि पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी या अंकात लिहीत आहेत. त्यांच्यापुढे माझ्या टिपणांना फारशी किंमत नाही. मी येथे एका वेगळ्याच, वरकरणी अगदी पोरकट वाटणाऱ्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे. तो इयत्ता पाचवीच्या परिसर अभ्यासातला आहे : कागद पाण्यावर तरंगतो की पाण्यात बुडतो?

हा प्रश्न माझ्या विषयातला नाही. पण निवासी शाळेत विषयांच्या भिंती फार उंच नसतात. विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास इतिहासाकडे येतो, आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तर ज्याचा हात मोकळा त्याच्याकडे. सुमारे वीस वर्षांपूर्वी पाचवीच्या घटक चाचणीचा असाच एक गठ्ठा माझ्याकडे आला. त्यात एक तक्ता होता. डावीकडे ‘तरंगणाऱ्या वस्तू’, उजवीकडे ‘बुडणाऱ्या वस्तू’ आणि वर काही नावे : खिळा, लाकूड, दगड, झाडाचे पान, नाणे, कागद. उत्तरसूचीप्रमाणे कागद डाव्या रकान्यात जायचा होता. एका मुलीने तो कोणत्याच रकान्यात लिहिला नव्हता. तक्त्याच्या खाली, उरलेल्या जागेत, तिने लिहिले होते की कागद आधी तरंगतो, रात्रभर पाण्यात राहिला तर बुडतो, आणि वही सुट्या कागदापेक्षा उशिरा बुडते. मी लाल शाईने फुली मारली आणि अर्धा गुण कापला.

ही मुलगी २००५ च्या जुलैमधल्या पुरानंतर आपल्याकडे आली होती. तिचे घर नदीकाठच्या वस्तीत होते. आपल्या कितीतरी वस्त्या गावाच्या सखल अंगाला, ओढ्याच्या किंवा नदीच्या कडेला का आहेत, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाणी चढते तेव्हा ते प्रथम तेथे चढते. तिच्या प्रवेश अर्जाला जुन्या शाळेचा दाखला जोडलेला नव्हता. मामाने करून आणलेले प्रतिज्ञापत्र होते. तो अर्ज वर्गशिक्षिका या नात्याने मीच भरला होता आणि दाखला नसण्याचे कारण म्हणून ‘पुरात भिजून नष्ट’ हे शब्द माझ्याच अक्षरात आहेत. म्हणजे कागद बुडतो ही माहिती तिने मला आधी एकदा दिलेली होती आणि मी ती लेखी नोंदवून घेतलेली होती. तरीही उत्तरसूची समोर येताच मी ती विसरले. मुलीने तक्रार केली नाही. दहावीनंतर तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना तो जुना अर्ज हाती आला, तेव्हा मला ती फुली आठवली.

आपल्या वंदना सभागृहाच्या भिंतीवर तथागतांनी कालामांना केलेला उपदेश रंगवलेला आहे. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय प्रत्येक माजी विद्यार्थ्याला पाठ असेल. त्या भिंतीच्या पलीकडेच शिक्षकांची खोली आहे. फुली मी तेथे बसून मारली होती.

माझे मत असे की हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. खिळ्याच्या बाबतीत ‘तरंगतो की बुडतो’ याचे एक उत्तर आहे. कागदाच्या बाबतीत ते नाही. कोणता कागद, किती वेळ, सपाट ठेवलेला की चुरगळलेला, पाणी साधे की साबणाचे, हे सांगितल्याशिवाय उत्तर देणारा मुलगा केवळ शिक्षकाच्या मनातले ओळखत असतो. आणि शिक्षकाच्या मनातले ओळखण्याचे कौशल्य आपण शाळाशाळांतून इतके कसोशीने शिकवतो की डोळ्यांना दिसलेले लिहिणारे मूल आपल्याला चुकलेले वाटते.

गेली काही वर्षे मी पावसाळ्यात एक दिवस मुलांना घेऊन हा प्रयोग करते. भांडारातले मोठे घंगाळ वऱ्हांड्यात ठेवायचे, पाणी भरायचे आणि मुलांनी आपापल्या पेटीतून, खिशातून, कचराकुंडीतून जे जे कागदी मिळेल ते आणायचे. वर्तमानपत्र, वहीचे पान, झेरॉक्सचा कोरा कागद, एसटीचे तिकीट, काड्यापेटी, लग्नपत्रिका, चहाचा कागदी कप, साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे गुळगुळीत पान, आणि जुनी वही. एका मुलाने दहा रुपयांची नोट पुढे केली होती, ती परत खिशात ठेवायला लावली. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, म्हणून विसरून खिशात राहिलेली नोट धुण्यातूनही बहुधा धडपणे बाहेर येते, एवढे सांगून त्याचे समाधान केले.

आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा, मग वस्तू पाण्यावर अलगद ठेवायची, मग घड्याळ पाहायचे. हाताने पुसायचा पातळ कागद क्षणात भिजला आणि विरत विरत खाली गेला. वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडाही तत्काळ ओला झाला, पण बुडाला नाही. पाण्याच्या पातळीशी, अर्धवट खाली, लोंबकळत राहिला. काडीने ढवळून दाबल्यावर त्यातून बारीक बुडबुडे सुटले आणि मग तो तळाशी जाऊन बसला. झेरॉक्सच्या कागदाने मात्र सर्वांना चकवले. तो दुपारच्या जेवणापर्यंत वरच्या बाजूने कोरडा होता. दिनदर्शिकेचे पान दिसायला सर्वांत भक्कम, म्हणून बहुतेकांनी ते तरंगेल असे लिहिले होते. ते एकदा बोटाने पाण्याखाली दाबले आणि पुन्हा वर आलेच नाही. वही संध्याकाळच्या वंदनेपर्यंत वर होती, कडांनी फुगत होती. सकाळी ती तळाशी सापडली. वही सुट्या पानापेक्षा उशिरा बुडते, हे वाक्य मी आधी कोठे वाचले होते, ते मुलांना सांगितले नाही.

सर्वांत गंमत कपाची झाली. रिकामा कप तरंगणार हे उघड होते. मुले म्हणाली, पाण्याने भरला की बुडेल. भरला, काठोकाठ भरला, तरी तो काठापर्यंत पाण्यात उतरून तसाच उभा राहिला. पितळी पेला भरला की बुडतो, मग कागदी का नाही, यावर वर्गात खरा वाद झाला आणि माझ्या मते त्या दिवशीचा खरा तास तोच.

याचे कारण समजण्यास फार अवघड नाही, आणि ते पालकांनीही समजून घ्यावे असे आहे. कागद ज्या तंतूंचा बनतो तो मूळ पदार्थ, सेल्युलोज, पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. म्हणजे नुसत्या तंतूंनी पाहिले तर कागद बुडायलाच हवा. परंतु कागद हा घट्ट तुकडा नसून एकमेकांत गुंतलेल्या तंतूंची जाळी आहे आणि त्या जाळीत हवा भरलेली आहे. साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीचा जवळजवळ निम्मा भाग हवाच असते. त्या हवेमुळे एकूण कागद पाण्यापेक्षा हलका ठरतो आणि तरंगतो. पुढे पाणी केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, त्या पोकळ्यांत शिरते, हवा बाहेर पडते आणि उरतो तो दीडपट जड तंतू. आपल्या डोळ्यांना ‘तरंगणे’ दिसते तो या दोन अवस्थांमधला काळ असतो. ती मुलगी ज्याला रात्रभर म्हणत होती, तो हा काळ.

हा काळ किती लांबेल ते कागद कसा बनवला त्यावर ठरते. झेरॉक्सच्या कागदात, शाई पसरू नये म्हणून, पाणी झिडकारणारे द्रव्य लगद्यातच मिसळलेले असते. वर्तमानपत्राच्या कागदाला तो खर्च परवडत नाही; तो एका दिवसाच्या आयुष्यासाठी बनलेला असतो. गुळगुळीत चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा किंवा खडूच्या भुकटीचा थर असतो आणि ही खनिजे पाण्याच्या अडीचपटीहून जड असतात, म्हणून तो देखणा कागद सर्वांत आधी तळ गाठतो. चहाच्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो थरही पाण्यापेक्षा हलका आणि हवा धरून बसलेला पुठ्ठाही हलका, म्हणून भरलेला कप बुडत नाही. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाजूने पुठ्ठा भिजला आणि तोही गेला. पाण्यात धुण्याच्या साबणाची चिमूट टाकली तर झेरॉक्सचा कागदही लवकर भिजतो, हे मुलांनीच शोधून काढले. अर्थात कपडे धुण्याच्या दिवशी प्रयोग ठेवल्याचा तो फायदा.

होडीचा हिशेब वेगळा. होडी कागदातल्या हवेवर तरंगत नाही, ती आपल्या पोकळ पोटाने पाणी बाजूला सारते आणि जेवढे पाणी बाजूला सारले तेवढ्या वजनाचा आधार मिळवते. झेरॉक्सचा एक कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याची दहा सेंटिमीटर लांब, चार रुंद आणि दोन खोल अशी पेटीसारखी होडी केली तर ती ऐंशी घनसेंटिमीटर पाणी सारू शकते, म्हणजे स्वतःचे वजन वजा जाता पंचाहत्तर ग्रॅम उचलू शकते. २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे पावणेचार ग्रॅमहून किंचित अधिक आहे. हिशेबाने एकोणीस नाणी बसायला हवीत. प्रत्यक्षात मुलांची होडी अकराव्या नाण्याला कलंडली, कारण नाणी एका अंगाला पडली. सहावीतल्या एका मुलीने ती एकेक करून मध्यभागी मांडली आणि सोळापर्यंत पोहोचली. गणित, विज्ञान आणि हाताचा संयम यांची अशी एकत्र परीक्षा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मी पाहिली नाही.

या प्रयोगाच्या वेळी एके वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारले, “मॅडम, मग तुकाराम महाराजांच्या वह्या तेरा दिवस इंद्रायणीत कशा राहिल्या?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक असायला हवे होते. महाराष्ट्रात कागद आणि पाणी हे दोन शब्द जवळ आले की देहूचा डोह आठवतोच. परंपरा सांगते की वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या आक्षेपावरून तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या दगड बांधून इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. मी चमत्कार मानत नाही, हे लपवण्याचे कारण नाही. आपल्या घरांतून बहुतेकांनी ते मानणे सोडून दिले आहे. परंतु याच ठिकाणी मला माझ्याच माणसांशी थोडा वाद घालायचा आहे. आपल्याकडे ही कथा निघाली की आपण हसतो. हसणारांपैकी किती जणांनी कधी एक वही दगड बांधून पाण्यात टाकून पाहिली आहे? न पाहता मानणे ही जशी पोथीनिष्ठा, तशीच न पाहता हसणे हीसुद्धा पोथीनिष्ठाच. पोथी तेवढी बदललेली असते. शिवाय हसणे त्या मुलाच्या आजीपर्यंत पोहोचते, आणि ती आजी कदाचित देहूला जाणारी असते. तुकोबा ज्यांनी आपल्यापासून दूर केले त्यांचे काम आपण हसून सोपे करू नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचाच अभंग घातला होता.

मी त्या मुलाला उत्तर दिले नाही. एक जुनी वही, एक दगड आणि सुतळी दिली. वहीत चार पाने शाईच्या पेनाने, चार बॉलपेनने आणि चार शिसपेन्सिलीने लिहून घेतली. टाकीशेजारच्या पिंपात ती तेरा दिवस ठेवली. तेराव्या दिवशी काढली तेव्हा वास येत होता, पाने बुळबुळीत झाली होती, पिना गंजून त्यांचे तांबूस डाग पसरले होते. शाईच्या पेनाचे अक्षर जवळजवळ गेले होते, बॉलपेनचे बरेचसे वाचता येत होते आणि शिसपेन्सिलीचे सर्वांत स्पष्ट होते. पाने मात्र एकमेकांपासून सोडवताना फाटत होती. मुलगा बराच वेळ ती उलटत होता. मग म्हणाला, “पण त्यांच्या वह्या अशा कागदाच्या नसतील.”

हा प्रश्न इतिहासाचा होता, आणि तेथे मला बोलता आले. त्या काळी महाराष्ट्रात कागद हाताने होत असे. जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर कागद करणारांची वस्तीच होती. जुने दोर, चिंध्या, तागाच्या वस्तू कुटून लगदा करायचा, तो जाळीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचे, भिंतीवर वाळवायचा. मग त्याला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. खळीमुळे शाई पसरत नसे आणि घोटल्यामुळे पृष्ठ बंद होत असे. असा कागद आजच्या वर्तमानपत्रापेक्षा कितीतरी चिवट असतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले हजारो रुमाल आजही उघडता येतात ते या चिवटपणामुळे. पण खळ म्हणजे पिठाची पेज. ती पाण्यात सुटते. काजळाची शाई उन्हाने फिकी पडत नाही, मात्र तिला कागदाला चिकटवून ठेवणारा डिंकही पाण्यात सुटतो. म्हणून हातकागदाची वही आपल्या वहीपेक्षा जास्त टिकली असती, आणि तरीही तेरा दिवसांनी कोरडी निघाली नसती. एवढे सांगून मी थांबले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेला विचारण्याचा प्रश्न, माझ्या मते, ‘वह्या कशा तरल्या’ हा नाहीच. वह्या बुडवायला कोणी आणि कोणत्या अधिकाराने लावल्या, हा आहे. शूद्राने अभंग रचले, त्यांत वेदांचा अर्थ आला, एवढे कारण पुरले. कागद बुडतो, हे बुडवायला लावणारांना चांगले ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी तसे सांगितले. आणि अभंग उरले, कारण ते केवळ कागदावर नव्हते. ते कीर्तनाला बसलेल्या शेकडो लोकांना पाठ होते, आणि चाकणच्या संताजी जगनाडे यांनी ते लिहून ठेवल्याचे परंपराच सांगते. ज्यांचे कागद कोणीही बुडवू शकतो त्यांना पाठांतराचा आधार घ्यावा लागतो, हे आपल्या आजी-आज्यांच्या ओव्यांवरून आणि जलशांच्या गाण्यांवरून आपल्याला समजायला हरकत नाही.

कोरड्या जागी कागद किती जगतो त्याचेही एक उदाहरण मुलांना सांगते. वज्रच्छेदिका सूत्राची चिनी भाषेतली एक छापील गुंडाळी तुनहुआंगच्या गुहेत सापडली. तिच्यावर छापल्याची तारीख आहे आणि ती इसवी सन ८६८ ची आहे. तारीख असलेले याहून जुने संपूर्ण छापील पुस्तक जगात उपलब्ध नाही. ती गुहा वाळवंटाच्या काठावर होती म्हणून हजार वर्षांहून अधिक काळ कागद शाबूत राहिला. ज्या भूमीत ते सूत्र जन्मले त्या आपल्या भूमीत मात्र चार महिने पाऊस, वाळवी आणि बुरशी. आपले ग्रंथ आपल्याकडून गेले यात माणसांचा हात मोठाच आहे, पण हवामानाचाही आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

आता पालकांसाठी. वरचे सगळे विवेचन मुलांच्या खेळापुरते असते तर मी स्मरणिकेची पाने अडवली नसती. आपल्या घरांत कागद ही चैनीची वस्तू नाही. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा असतो. तो एक पिवळा कागद तीन पिढ्यांच्या शिष्यवृत्त्या, प्रवेश आणि नोकऱ्या धरून असतो. सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाडला जुलै २०२१ मध्ये पाणी चढले तेव्हा भांडी-कपडे पुन्हा मिळाले, पण कागदांसाठी लोक कित्येक महिने कार्यालयांच्या पायऱ्या चढत राहिले. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या शतकाहून जुन्या ग्रंथालयाचीही पुस्तके त्या पुरात भिजली. तेथे आमच्या पत्र्याच्या पेटीची काय कथा.

म्हणून मुलांनी घंगाळात जे पाहिले ते घरात वापरावे. कागद भिजला म्हणजे संपला असे नाही. आपल्या हाती थोडा काळ असतो. बुरशी साधारण दोन-तीन दिवसांत धरते. तेवढ्यात तो उलगडून, खाली-वर कोरे शोषणारे कागद किंवा स्वच्छ सुती कापड घालून, पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवावा. कडक उन्हात टाकू नये; तो आखडतो आणि ठिसूळ होतो. इस्त्री तर मुळीच फिरवू नये. चकचकीत कागदांची पाने ओली असतानाच एकमेकांपासून सोडवावी लागतात. एकदा चिकटून वाळली की त्यांची वीट होते. ताबडतोब वाळवणे शक्य नसेल आणि वीज असेल, तर भिजलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या कागदाला बुरशी धरत नाही आणि सवड मिळाली की एकेक काढून वाळवता येतो. मोठी ग्रंथालयेही हेच करतात. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पूर आला, तेव्हा तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातली दहा लाखांहून अधिक पुस्तके आणि कागदपत्रे चिखलात गेली होती. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी रांगा करून ती हातोहात बाहेर काढली, आणि पुढे तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांमध्येसुद्धा ती वाळवली गेली.

लॅमिनेशनविषयी माझे मत बहुतेक पालकांना पटत नाही, तरी ते सांगते. मूळ दाखला लॅमिनेट करू नये. लॅमिनेट केलेला दाखला पाण्यावर तरंगतो हे खरे, आमच्या घंगाळातही तो शेवटपर्यंत वर होता. पण कोपरा थोडासा सुटला की पाणी आत जाते आणि मग ते बाहेर येत नाही. कागद आतल्या आत कुजतो आणि तो मोकळा करता येत नाही. त्यापेक्षा मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पाकिटात, तोंड दुमडून, घरातल्या सर्वांत उंच जागी ठेवावा. छायाप्रती दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असाव्यात. गुणपत्रिका आता डिजिलॉकरवर मिळतात, त्या मुलांनी तेथे उतरवून ठेवाव्यात. ज्यांना लॅमिनेशन करायचेच असेल त्यांनी छायाप्रतीचे करावे.

या वर्षी पाचवीच्या चाचणीत तो तक्ता आम्ही ठेवलेला नाही. त्याऐवजी प्रश्न आहे : कागदाच्या कोणत्याही तीन वस्तू पाण्यात टाका आणि किती वेळाने काय झाले ते लिहा. उत्तरसूची नाही. तपासायला दुप्पट वेळ लागतो, सहकारी कुरकुरतात आणि त्यांची कुरकुर अगदीच अनाठायी नाही. साठ मुलांच्या साठ तऱ्हा वाचायच्या म्हणजे रविवार जातो. जुन्या उत्तरपत्रिका तर केव्हाच रद्दीत गेल्या. त्या मुलीचा अर्धा गुण परत देण्याची सोय राहिलेली नाही.

माजी विद्यार्थ्यांना मात्र एक विनंती करायची आहे. आपल्या विद्यालयाचे पहिले जनरल रजिस्टर कार्यालयातल्या लाकडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात आहे. तुमच्यापैकी पहिल्या तुकड्यांतल्या प्रत्येकाची जन्मतारीख आणि जात त्यात शाईच्या पेनाने लिहिलेली आहे, आणि उद्या तुमची नातवंडे उतारा मागायला येतील ती त्याच वहीचा. त्या खोलीत मोठ्या पावसात दाराखालून पाणी येते. गेल्या जूनमध्ये शिपाईमामांनी कपाट चार विटांवर चढवले आहे. भिंतीत उंचावर बसवायचे एक लोखंडी कपाट आणि रजिस्टरच्या पानापानाचे छायाचित्रण, एवढा खर्च वर्धापनदिनाच्या निधीतून व्हावा असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. अनुमोदनाला कोणी तरी लागेल.